विमानातला पहिला वर्ग



विमानाचं आता आपल्याला पूर्वीइतकं नवल राहिलेलं नाही. कुणाचा पोरगा दुबईला गॅरेजात कामाला आहे, कुणाची लेक जावयाबरोबर अमेरिकेला गेली आहे, कुणी बागायतदार अभ्यासदौऱ्यात इस्राएल बघून आला आहे. माणसं परत आली की पारावर, दूध डेअरीवर, हळदीकुंकवाला विमानाच्या गोष्टी निघतात. ढग खाली कसे दिसतात, कानांना दडे कसे बसतात, एवढ्याशा ताटलीत जेवण कसं वाढतात, हे सगळं सांगून होतं. आणि मग हमखास एक वाक्य येतं, "पुढं पडदा असतो बघा. त्याच्या पलीकडं काय चालतं ते काही आपल्याला दिसत नाही."

आज त्या पडद्यापलीकडं जरा डोकावून यावं म्हणतो. मी स्वतः तिथं कधी बसलेलो नाही, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी बसलं असेल तर तो विरळाच. पण न बसलेल्या माणसालाही हिशेब मांडता येतो, आणि शेतकऱ्याच्या घरात हिशेब हा काही नवा विषय नाही.

शंभरात एक खुर्ची

आधी नावांचा घोळ काढून टाकू. देशातल्या देशात जी विमानं उडतात, त्यांतल्या बहुतेकांत एकच वर्ग असतो. फार तर पुढच्या दोन-चार ओळी रुंद खुर्च्यांच्या असतात आणि त्यांना बिझनेस क्लास म्हणतात. अमेरिकेत मात्र देशांतर्गत विमानांतल्या अशाच रुंद खुर्च्यांना फर्स्ट क्लास म्हणायची रीत आहे. तेव्हा तिकडून आलेला कुणी "फर्स्ट क्लासनं फिरलो" म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, पण आपण बोलतोय तो वर्ग निराळा. समुद्रापार जाणाऱ्या मोठ्या विमानांत मागं असते इकॉनॉमी, काही विमानांत तिच्यापुढं थोडी ऐसपैस प्रीमियम इकॉनॉमी, मग बिझनेस, आणि अगदी नाकाशी, नाहीतर दुमजली विमानाच्या माडीवर, खरा पहिला वर्ग. म्हणजे ज्या पडद्याकडं आपण बघत बसतो, त्याच्या पलीकडं बहुतेक वेळा बिझनेसवालेच असतात. पहिला वर्ग त्यांच्याही पलीकडं, आणि बहुतेक विमानांत तर तो नसतोच.

जिथं असतो तिथं किती असतो? एअर इंडियानं २००७ सालापासून घेतलेल्या बोइंग ७७७-३०० ईआर जातीच्या विमानांची मूळची बैठक पाहा. एकूण आसनं ३४२. त्यांत बिझनेसची ३५, इकॉनॉमीची ३०३, आणि पहिल्या वर्गाची फक्त ४. सिंगापूर एअरलाइन्सच्या दुमजली एअरबस ए-३८० विमानात २०१७ साली आणलेल्या रचनेत ४७१ माणसं बसतात. त्यांत पहिल्या वर्गाच्या खोल्या सहा. दोन्हीकडं शंभराला एकाच्या जरा वर, एवढंच प्रमाण पडतं.

दुसरा आकडा त्याहून बोलका आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या विमानप्रवासाचा अंदाज काढलेला आहे. २०१८ या एका वर्षात जगातल्या शंभर माणसांपैकी सुमारे अकराच विमानात बसली, आणि आपल्या देशाची हद्द ओलांडून विमानानं गेलेली जास्तीत जास्त चार. आता दहा हजार वस्तीचं एखादं मोठं बाजाराचं गाव डोळ्यांपुढं आणा. जगाच्या सरासरीनं त्या गावातली चारशे माणसं त्या वर्षी परदेशी विमानात बसली असं धरू. प्रत्येक विमानात पहिला वर्ग असता, तर शंभरात एकाच्या हिशेबानं चार-पाच जण त्यात बसले असते. पण तो थोड्याच विमानांत असतो. म्हणजे उरला तर एखादा. आपल्याकडं शंभर बैलपोळे बघितलेला म्हातारा सापडायचा नाही, तसाच हा माणूस.

मुळात वर्गच नव्हते

हे असं कसं झालं, ते समजायला थोडं मागं गेलं पाहिजे. सुरुवातीला विमानात वर्ग नव्हते. सगळेच महाग.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा मार्गे लंडनला निघालं. आत ३५ प्रवासी होते. त्या वेळच्या जाहिरातीत भाडं होतं १,७२० रुपये. त्या काळी सोनं तोळ्याला शंभर रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे एका तिकिटात सतरा तोळे सोनं आलं असतं. एवढं सोनं अंगावर असलेल्या बायका तेव्हा तालुक्यात किती असतील, तुम्हीच सांगा. जो बसला तो मोठाच माणूस, मग त्याला वेगळा वर्ग हवा कशाला?

विमान कंपन्यांना मात्र गिऱ्हाईक वाढवायचं होतं. १९५२ साली अटलांटिक महासागरावरच्या मार्गांवर 'टुरिस्ट' नावाचा स्वस्त वर्ग निघाला, आणि १९५८ साली त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी' आली. गंमत अशी, की पहिला वर्ग असा नव्यानं कुणी बांधला नाही. आधी जे सगळ्यांना मिळत होतं, तेच आता 'पहिलं' ठरलं, कारण त्याच्यामागं दुसरं उभं राहिलं. थोरला भाऊ थोरला होतो तो धाकटा जन्मल्यावर, तसंच हे.

पुढची पंचवीसएक वर्षं पहिल्या वर्गाच्या वैभवाची. पागोटं घालून अदबीनं वाकणारा एअर इंडियाचा महाराजा बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली घडवला होता; त्याच्या नावाला साजेल असा थाट ठेवायची कंपनीची हौस होती. १९७१ साली 'एम्परर अशोक' हे पहिलं जंबो, म्हणजे बोइंग ७४७, मुंबईला आलं. त्याच्या खिडक्यांवर बाहेरून राजवाड्याचे झरोके रंगवलेले होते, आणि पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना गोल जिन्यानं माडीवरच्या बैठकीत जाता येई. त्याआधी १९६७ साली कंपनीनं साल्वादोर दाली या स्पेनच्या जगप्रसिद्ध चित्रकाराकडून राखदाण्या करून घेतल्या आणि त्या निवडक प्रवाशांना भेट दिल्या. दालीनं मोबदला काय मागितला असेल? हत्तीचं पिल्लू! आणि कंपनीनं ते बंगळूरहून जिनिव्हापर्यंत विमानानं पोहोचवलं. तेव्हा त्या काळी विमानानं जाणाऱ्यांत एक हत्तीही होता.

मग हा वर्ग आटला का? त्याला दुसऱ्या कुणी मारलं नाही, त्याच्या धाकट्या भावानंच मारलं. १९७८-७९ च्या सुमारास कंपन्यांनी कामासाठी वारंवार फिरणाऱ्या लोकांसाठी मधला वर्ग काढला, तो बिझनेस क्लास. पहिल्यांदा तो म्हणजे नुसती जरा बरी खुर्ची होती. सपाट बिछाना होणारी खुर्ची ब्रिटिश एअरवेजनं १९९० नंतरच्या दशकात पहिल्या वर्गात आणली आणि २००० साली बिझनेस क्लासमध्येही दिली. मग दुसऱ्या कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या. आता निम्म्या-अर्ध्या पैशात पाय ताणून झोपायला मिळत असेल, तर कंपन्यांचे हिशेबनीस साहेबांना पहिल्या वर्गाचं तिकीट कशाला मंजूर करतील? जागा रिकाम्या राहू लागल्या. विमानातली रिकामी खुर्ची म्हणजे पेरणीच्या दिवसात पडीक राहिलेलं रान. ती घडी गेली की त्याचं काही येत नाही. म्हणून एकेका कंपनीनं पहिला वर्ग काढून तिथं बिझनेसच्या ओळी घातल्या. ज्यांनी ठेवला त्यांनी मग तो असा काही सजवला, की खुर्चीची खोलीच झाली.

गोठा आणि विमान

तर त्या खोलीत मिळतं काय? सगळ्यांत आधी मिळते ती जागा.

इकॉनॉमीच्या एका खुर्चीच्या वाट्याला पुढच्या खुर्चीपर्यंतची लांबी साधारण ३१ इंच आणि रुंदी साडेसतरा इंच येते. गुणाकार केला तर पावणेचार चौरस फूट. सिंगापूरच्या त्या विमानातली पहिल्या वर्गाची एक खोली सुमारे ५० चौरस फुटांची आहे. तिच्यात फिरती खुर्ची निराळी, बिछाना निराळा आणि सरकतं दार. म्हणजे एका माणसामागं तेरा माणसांची जागा.

आता आपल्या घरचं माप घेऊ. दुधाच्या गाईला छताखाली किती जागा द्यावी, याचं भारतीय मानक ठरलेलं आहे: साडेतीन चौरस मीटर. फुटांत सांगायचं तर साडेसदतीस चौरस फूट. इकॉनॉमीतल्या माणसाच्या बरोबर दहापट! २००९ साली केंद्र सरकारनं काटकसरीची मोहीम काढली होती, तेव्हा एका राज्यमंत्र्यानं इकॉनॉमीसाठी 'गुरांचा वर्ग' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला आणि देशभर गदारोळ झाला. माणसाला गुरं म्हटलं म्हणून लोक चिडले, ते ठीकच. पण मापं बघितली तर तक्रार गाईनं करायला हवी होती. नियमानं बांधलेल्या गोठ्यातली गाय पहिल्या वर्गाच्या जवळपास बसते. अर्थात तिचा जन्म तिथं जातो आणि प्रवासी चार-आठ तासांत उतरून जातो, हा फरक धरलाच पाहिजे.

जागेनंतर दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. एमिरेट्स कंपनीनं २००८ सालापासून आपल्या दुमजली विमानांत पहिल्या वर्गाच्या चौदा प्रवाशांसाठी दोन न्हाणीघरं ठेवली. तिथं माणशी पाच मिनिटं पाणी सोडतात. चाळीस हजार फुटांवर पाच मिनिटांचं ऊन पाणी! २०१६ सालच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्या भरून पाणी न्यावं लागलं होतं. ज्यांनी तेव्हा लातुरात कळशीनं दिवस काढले, त्यांना या पाच मिनिटांची किंमत कुणी समजावून सांगायला नको. विमानातही पाणी मोजूनच देतात, कारण तिथं प्रत्येक लिटरचं वजन उचलायला इंधन जळतं. पाणी मोजायची अक्कल आभाळात गेल्यावर येते आणि जमिनीवर विसरते, एवढंच म्हणतो.

तिसरी गोष्ट जेवण आणि सरबराई. काचेचे पेले, चिनी मातीची ताटं, पांढरी चादर, हवं तेव्हा हवं ते. जमिनीवर तर त्याहून कौतुक. जर्मनीत फ्रँकफुर्टला लुफ्तान्सा कंपनीनं २००४ साली पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी निराळी इमारतच उभी केली. तिथून प्रवाशाला मोटारीत बसवून थेट विमानाच्या पायरीशी नेऊन सोडतात.

पण मंडळी, एक गोष्ट तिथंही विकत मिळत नाही. विमानातली हवा. आत दाब राखलेला असला, तरी तो सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे पहिल्या खोलीतला शेठ आणि शेवटच्या ओळीतला गवंडी, दोघंही कळसूबाईच्या माथ्याहून विरळ आणि कोरड्या हवेत बसलेले असतात. अशा हवेत जिभेला मिठाची आणि गोडाची चव कमी लागते, हे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं प्रयोग करून दाखवलेलं आहे. लाखाच्या तिकिटावरचं जेवणही तिथं थोडं अळणीच लागतं. तेव्हा पिशवीत शेंगदाण्याची कोरडी चटणी नेणारी आपली माणसं काही गावंढळ नव्हेत.

आणि शेवटी सगळे एकाच विमानात. झरोके रंगवलेलं ते 'एम्परर अशोक' १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालं आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. आतली २१३ माणसं गेली. समुद्रानं कुणाचं तिकीट विचारलं नाही.

पैसे कुणाचे?

लांब पल्ल्याच्या पहिल्या वर्गाचं तिकीट कित्येक लाखांच्या घरात जातं. समजा पाच लाख धरले. २०२४-२५ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. भागून बघा, १०२ क्विंटल येतात. एकरी दहा क्विंटल उतारा धरला, तर दहा एकरांची पूर्ण रास, आणि तीसुद्धा बी, खत, फवारणी, मजुरी यांचा एक पैसा न कापता. एवढ्यात एक माणूस एका बाजूनं जाईल.

मग तिथं बसतं कोण? स्वतःच्या खिशातून देणारे धनवंत असतातच. पण कितीतरी जणांचे पैसे दुसऱ्याचे असतात. कुणाचे कंपनीचे, कुणाचे सरकारचे. काहींनी वर्षानुवर्षं एकाच कंपनीनं प्रवास करून गुण साठवलेले असतात आणि त्या गुणांवर ही खुर्ची घेतलेली असते. कधी मागच्या वर्गात जास्त तिकिटं विकली गेली, की एखाद्याला फुकट पुढं सरकवतात. पण तोही सहसा एक पायरी, म्हणजे बिझनेसपर्यंत. थोडक्यात, विमानातला पहिला वर्ग हा नुसत्या श्रीमंतीचा नव्हे, हुद्द्याचा आणि ओळखीचाही वर्ग आहे.

आता याच धंद्यात एका शेतकऱ्यानं काय केलं ते ऐका. कर्नाटकात हासन जिल्ह्यातले कॅप्टन गोपीनाथ. सैन्यातून बाहेर पडले. घरची जमीन धरणात गेली होती; बदली मिळालेल्या रानावर त्यांनी शेती उभी केली, रेशीमकिडे पाळले. त्या कामाबद्दल त्यांना १९९६ साली रोलेक्स पुरस्कारही मिळाला. या माणसानं २००३ साली एअर डेक्कन सुरू केली. सगळ्यांना एकच वर्ग, फुकटचं जेवण नाही, आणि काही तिकिटं तर चक्क एक रुपयाला! पहिल्या वर्गाच्या अगदी उलटा विचार. विमानात कधी न बसलेला माणूस हेच आपलं गिऱ्हाईक, असं त्यांनी धरलं. पुढं २००८ साली ती कंपनी किंगफिशरमध्ये गेली आणि २०१२ साली किंगफिशरही बंद पडली; पण स्वस्त विमानाची जी वाट पडली ती मोडली नाही. एप्रिल २०१७ मध्ये सरकारच्या उडान योजनेची पहिली विमानं उडाली, त्यांत आपलं नांदेड-हैदराबाद होतं. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचं भाडं अडीच हजारांच्या आत बांधून दिलेलं होतं.

आणखी एक प्रवासी सांगायचा राहिला. प्रवासी विमानाच्या फळीखाली, पोटात, सामानाबरोबर माल भरलेला असतो. फुलं, भाजी, फळं. लासलगावला विकिरण केंद्रात प्रक्रिया होऊन एप्रिल २००७ मध्ये आपला आंबा जवळजवळ अठरा वर्षांच्या खंडानंतर विमानानं अमेरिकेला गेला. तेव्हापासून वर कोण बसलंय याची फिकीर न करता हापूस खाली बसून समुद्र ओलांडतो आहे. त्याचं भाडं वजनावर.

मान कुणी द्यायचा?

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, हे आम्हाला कशाला? आमचा पोरगा आम्हाला न्यायचं म्हणतोय, तो मागच्याच वर्गानं नेणार. अगदी खरं, आणि म्हणूनच हे लिहायला घेतलं.

२०१६ साली टोरांटो आणि हार्वर्ड इथल्या दोन संशोधकांनी विमानातल्या भांडणांच्या नोंदी तपासल्या. ज्या विमानांत पुढं पहिला वर्ग होता, त्यांत मागच्या वर्गातल्या आरडाओरड्याचं प्रमाण जवळजवळ चौपट निघालं. आणि प्रवाशांना त्या ऐसपैस खुर्च्यांमधून चालत मागं जावं लागलं, तर ते आणखी वाढलेलं दिसलं. आपल्याला यात नवं काय? लग्नात पुढाऱ्यांची पंगत निराळी, ताटाखाली पाट, बाजूला रांगोळी. आणि भाऊबंदांना मांडवाच्या टोकाला पत्रावळ. पोटभर जेवूनही माणूस रुसून घरी येतो. जेवण सारखंच असतं, खुपतं ते दुसरंच.

म्हणून सांगतो, विमानात शिरताना त्या रुंद खुर्च्यांमधून जायची वेळ आली, तर मान खाली घालायचं कारण नाही. तिथं विकलेली असते ती जागा आणि आदबशीरपणा. उड्डाण सगळ्यांना सारखंच मिळतं, आणि पोहोचायची वेळही तीच. आणि तिकिटानं मान मिळतोच असंही नाही. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्सबर्ग स्टेशनवर गांधीजींच्या खिशात पहिल्या वर्गाचं रीतसर तिकीट होतं. तरी कातडीचा रंग बघून त्यांना डब्यातून खाली उतरवलं. पुढं तोच माणूस हिंदुस्थानात तिसऱ्या वर्गानं फिरला आणि स्टेशना-स्टेशनांवर लोक त्यांच्या दर्शनाला लोटले.

माझं सांगणं मुलांना आहे. कमावत्या मुलाला वाटतं, आईबापांनी जन्मभर कष्ट काढले, त्यांना एकदा थाटात न्यावं. भावना सोन्यासारखी आहे. पण त्यासाठी कर्ज काढू नका, आणि थाटाचे पैसे साठेपर्यंत दहा वर्षं थांबूही नका. गुडघे थांबत नाहीत. जिनं माहेर आणि पंढरपूर यापलीकडं मुलूख बघितला नाही, तिला ढगांवरून ऊन पडलेलं दाखवायला शेवटच्या ओळीतली खिडकीची खुर्ची पुरते. तिच्या शेजारी तुम्ही बसलेले असलात, म्हणजे सरबराई झाली.

आणि न्यायचं ठरलं, तर या चार गोष्टी ध्यानात ठेवा. चालायला त्रास असेल तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवा. बहुतेक कंपन्या त्याचे पैसे घेत नाहीत, आणि रांगा टळतात. शाकाहारी, जैन किंवा मधुमेहाचं जेवण आधी कळवलं तर मिळतं, ऐनवेळी नाही. तूप, लोणचं, काकवी हातातल्या पिशवीत ठेवू नका. परदेशी जाताना शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली काढून ठेवतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर सामानातही चालत नाहीत, कारण त्यांतलं तेल पेट घेतं. आणि "फर्स्ट क्लासचं तिकीट निम्म्या पैशात" असं सांगत कुणी अनोळखी माणूस फोन करील, तर आगाऊ पैसे मुळीच भरू नका. वरच्या वर्गात जायची खरी सवलत असेल तर ती विमान कंपनीच्या खिडकीवर किंवा तिच्या स्वतःच्या यादीत मिळते, तिऱ्हाइताकडं नाही.

औषधाची चिठ्ठी मात्र म्हातारीच्या पिशवीतच राहू द्या, आणि खिडकीची खुर्ची आधीच मागून घ्या. मागून घेतली नाही तर ती नातू पटकावतो.